प्रत्येकी तीन

काजवाली लॉन्ड्रीवाल्याबरोबर पळून गेली, आणि तीही आठव्या महिन्याचं पोट घेऊन, ही बातमी आमच्या गल्लीत एका शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला पोचली. आणली समोरच्या काकूंनी. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या औषधाच्या दुकानात गेल्या होत्या, पण परत येताना ते दुखत नव्हते. हातात बातमी असली की काकूंना औषध लागत नाही.

"चारही पोरं न्हाव्याच्या दुकानात टाकली," काकू म्हणाल्या. "धाकटा आई आई करत दारापर्यंत आला हो. ही वळली नाही. गाडीत चढली, त्याने आतून दार लावलं, आणि गेले."

"चढताना कशी दिसत होती?" कुणीतरी विचारलं.

"घाईत."

बस्स. त्या एका शब्दावर गल्लीने उरलेली गोष्ट स्वतः रचली. आम्हीही ती चार घरी पोचवली. चांगली बातमी घरात ठेवून शिळी का करायची?

आता काजवाली कोण, ते सांगितलं पाहिजे. शर्टांना काजं करणारी. कारखान्यातून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे तिच्या घरी येत. ती खडूने खुणा करी, लहानशा पटाशीने काप देई आणि कापाची कड दोऱ्याने बांधून घेई. एका शर्टाला सात काजं. काम करताना तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे तिचं बोलणं ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर पडे, टाचण्या नसल्या तरी. ज्यांना कारण माहीत नव्हतं त्यांना ती शिष्ट वाटे. ज्यांना माहीत होतं त्यांनाही वाटे, पण तो आमच्या गल्लीचा स्वभाव.

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी. आठ-आठ दिवस बाहेर. मुलं चार. थोरली नऊ वर्षांची, तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण तिच्या कानामागे कायम पेन्सिल असे. तिच्याखालचा सात वर्षांचा वकील. दूध कमी का, इथपासून ते अंधार का पडतो इथपर्यंत त्याची प्रत्येक गोष्टीवर तक्रार असे. मग पाच वर्षांची मुंगी, कारण गोड वस्तू जिथे तिथे ती. आणि तीन वर्षांचा गोटा. तो एकदा रस्त्यात बसला की दोघांशिवाय उचलला जात नसे.

पाचव्याच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सने तिला एक कार्ड दिलं. प्रत्येक दिवसाचा एक चौकोन. "जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं," नर्स म्हणाली, "आणि बाळाच्या हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर उठायचं आणि सरळ इथे यायचं. उद्या बघू, परवा बघू, असलं काही नाही. तुमचं मागचं बाळंतपण किती अवघड गेलं होतं ते मला माहीत आहे."

काजवालीलाही माहीत होतं. ती निमूट मान हलवून आली.

पण पहाटे पाचपासून काजं करणारी बाई दुपारी कुशीवर पडली की काय होणार? मोजायला सुरुवात होण्याआधी तिचा डोळा लागे. म्हणून मोजणी मुलांनी घेतली. चौघं पलंगाभोवती बसत, चार हात पोटावर, मास्तरणीच्या मांडीवर कार्ड. हा खेळ त्यांना इतका आवडला की त्या दोन तासांत घरात भांडण होईना. जाग आली की काजवाली चौकोन बघे. सुरुवातीला दहा, अकरा. मग त्या आठवड्यात एकदम चोवीस. बाळ जोर धरतंय, तिला वाटलं, आणि ती पुन्हा शर्टाकडे वळे.

तर तो शनिवार. सोमवारपासून शाळा उघडणार होती. दोघांना बूट हवे होते, आणि मुलांचे केस कापून पाठवा अशी शाळेची चिठ्ठी आली होती. नवरा तीन दिवसांच्या वाटेवर. शेजारी कुणाला मुलं सांभाळायला सांगावं, तर कुणाला सांगणार? काकूंना? तिने चौघांना बरोबर घेतलं.

सकाळी उठल्यापासून पोटात काही हललं नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण कपडे घालताना, दाराला कुलूप लावताना, रस्ता ओलांडताना तिचा हात पुन्हा पुन्हा बरगडीखाली जात होता. एरवी तिथे बाळाची टाच लागायची. निघताना तिने मास्तरणीकडून कार्ड मागून घेतलं आणि कालचा चौकोन पाहिला. बारा. दहापेक्षा जास्तच. तिने कार्ड परत दिलं.

बसमध्ये गोटा पायरीवर बसला. मागचे लोक खाली, पुढचे वर, मध्ये गोटा.

"बाई, ही सगळी तुमचीच?" कंडक्टर म्हणाला.

"नाही. वाटेत मिळाली."

लोक हसले. गोट्याला दोघांनी उचललं. एका म्हातारीने सरकून काजवालीला जागा दिली आणि न विचारता तिच्या पोटावर तळवा ठेवला. जुन्या बायकांना असं करायची परवानगी कुणी दिली असते, देव जाणे. म्हातारीने तळवा बराच वेळ तसाच ठेवला.

"हालचाल आहे ना गं?"

"आहे की," काजवाली म्हणाली. "कार्डावर आहे."

म्हातारीने हात काढून घेतला. उतरेपर्यंत ती मधून मधून बघत राहिली.

बुटांच्या दुकानात मुंगी हरवली. दुकानदार, त्याचा भाऊ आणि काजवाली अशा तिघांनी सगळी खोकी उपसली तेव्हा ती गल्ल्याच्या मागे दुकानदाराच्या बरणीतल्या गोळ्या खाताना सापडली. तोवर वकिलाने डावा बूट उजव्यापेक्षा लहान आहे असा दावा लावला होता.

"दोन्ही एकाच मापाचे आहेत रे बाळा," दुकानदार.

"मग माझे पाय एकाच मापाचे नाहीत. त्याला जबाबदार कोण?"

एरवी काजवालीने ओठांच्या कोपऱ्यातून काहीतरी हाणलं असतं. आज ती खुर्चीवर नुसती बसून होती. तिने थंड पाणी मागितलं. प्यायली. थांबली. मग शेजारच्या दुकानातून गोड सरबत आणवलं, कारण गोड पोटात गेलं की बाळ जागं होतं असं तिला कुणी सांगितलं होतं. मुंगीने त्यातलं अर्धं मागितलं तर तिने चक्क नाही म्हटलं. मुंगी इतकी चकित झाली की रडायचीच विसरली.

सरबत संपलं. तिने दोन बोटांनी पोट एका बाजूने दाबलं. पोट दुखत नव्हतं, ताणलेलं नव्हतं. नुसतं जड होतं, ओले कपडे भरलेल्या बादलीसारखं. ती चालली की एका बाजूला कलत होतं, आणि कललं की कललेलंच राहत होतं.

"आई, तू पांढरी दिसतेस," मास्तरीण म्हणाली.

"उन्हाने. चल."

न्हाव्याचं दुकान रस्त्यापलीकडे. न्हावी साठीचा, बोलण्याचा शौकीन. गिऱ्हाईकाचे कान त्याच्या हातात असल्यामुळे त्याला श्रोता कधी कमी पडत नसे. दारात लॉन्ड्रीवाल्याची गाडी उभी होती. हा लॉन्ड्रीवाला म्हणजे तिशीचा, अविवाहित, कायम कडक इस्त्रीत. आमच्या गल्लीने त्याचं लग्न आजवर निदान पाच जणींशी लावलेलं होतं. तो न्हाव्याचे मळलेले टॉवेल मोजून घेत होता.

वकील खुर्चीवर चढला. कात्री चालू झाली. मास्तरीण बाकावर बसून कार्डाचे कोपरे सरळ करत होती. न्हाव्याने आरशातून ते पाहिलं.

"परीक्षेचे गुण का गं?"

"बाळाच्या लाथा," मास्तरीण म्हणाली आणि कार्ड त्याच्यासमोर धरलं.

न्हाव्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "चोवीस. चोवीस. वीस. सोळा. बारा." त्याने काजवालीकडे पाहिलं. "वहिनी, तुमचं बाळ भलतंच हुशार निघणार. पोटातच चारचा पाढा म्हणतंय. फक्त उलटा."

काजवाली हसली. खरोखर हसली, न्हावी पुढे कित्येक दिवस ते सांगे.

"पाढाबिढा काही नाही," वकील म्हणाला. "आम्ही चौघं आहोत म्हणून."

"म्हणजे कसं?"

"ताई आधी एका लाथेला एकच रेघ मारायची. मग मी म्हटलं, माझ्या हाताला लागलेली कुठे गेली? मुंगीची कुठे गेली? ज्याला ज्याला लागली त्याची त्याची रेघ पाहिजे. नाहीतर अन्याय आहे."

"आणि गोटा?" न्हाव्याने हसत विचारलं.

"तोही बोट वर करतो," मास्तरीण म्हणाली. "आम्ही केलं की करतो."

"मग काल बारा म्हणजे..."

"प्रत्येकी तीन," वकील म्हणाला. "आणि आजच्या अजून मोजायच्यात."

कात्री थांबली. दुकानात लॉन्ड्रीवाल्याचा आवाज तेवढा चालू होता: सतरा, अठरा, एकोणीस.

काजवाली उठली. तिने मास्तरणीच्या हातातून कार्ड घेतलं आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली. सहा. सहा. पाच. चार. तीन. मग आजच्या चौकोनावर बोट आलं. त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"काका, मुलं ठेवून घ्या," ती न्हाव्याला म्हणाली. "मी दवाखान्यात जाते."

"मी टॅक्सी बघतो, थांबा."

"थांबत नाही." ती दारात गेली. रस्त्यावर दूरवर बस नव्हती. तिने वळून लॉन्ड्रीवाल्याकडे पाहिलं. "तुमची गाडी कुठे जाणार?"

लॉन्ड्रीवाला तिचं तोंड बघून टॉवेलांचा आकडा विसरला. त्याने हातातले टॉवेल तिथेच टाकले.

"आई, माझं चुकलं का?" मास्तरीण उभी राहिली होती.

"नाही. गोट्याला धर."

धरेपर्यंत गोटा दारात पोचला होता. आणि त्याच क्षणी रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, आमच्या काकू उभ्या होत्या.

न्हाव्याने वकिलाचे उरलेले केस कापले. मग गोट्याचे. मग काय करावं ते सुचेना म्हणून मुलींचेही टोकाकडून थोडे थोडे कापले. गिऱ्हाईकं आली, त्यांनी बाकावरची चार मुलं पाहिली, कुणाची म्हणून विचारलं, तर तो नुसतं "आहेत" म्हणाला. मुंगीला त्याने बिस्किटांचा पुडा आणून दिला. तिने तो फोडला नाही.

चार वाजता लॉन्ड्रीवाला परत आला. त्याचा शर्ट चुरगळला होता. असा शर्ट त्याच्या अंगावर आम्ही कधी पाहिला नव्हता.

"आत नेलं," तो म्हणाला. "मी जिन्याशी थांबलो होतो. मग मला कुणीतरी म्हणालं, तुम्ही नवरे का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी मला काही सांगितलं नाही."

मास्तरीण न्हाव्याच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली.

"काका, प्रत्येकी तीन म्हणजे कमी असतात का?"

आयुष्यभर लोकांच्या कानात बोलत आलेल्या त्या माणसाने कंगवा उचलला, तो साफच होता, तरी पुसला, आणि जागेवर ठेवला.

रात्री न्हाव्याच्या बायकोने चौघांना आपल्या घरी नेलं. म्हणजे काजवालीच्या घराला कुलूप, मुलं परक्या घरी, नवरा वाटेत, आणि लॉन्ड्रीवाला दोन दिवस रोज संध्याकाळी गाडी घेऊन कुठेतरी जातो. गल्लीला याहून काय हवं होतं? काकूंनी तारीखवार सगळं जुळवलं. पोट कुणाचं, इथपर्यंत चर्चा गेली. न्हाव्याकडे जाऊन विचारावं असं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तरी कुणी गेलं नाही. आठ दिवसांनी ती नवऱ्याबरोबर परतली, तेव्हाही खिडक्यांतून लोक आधी लॉन्ड्रीवाल्याची गाडी मागे येते का ते बघत होते.

खरं एवढंच आहे. लॉन्ड्रीवाल्याच्या गाडीत दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी होत्या, आणि दारात दुसरी गाडी नव्हती. बाळाचे ठोके शोधायला नर्सला बराच वेळ लागला. सापडले तेव्हा ते मंद होते. एक वाजून दहा मिनिटांनी ऑपरेशन करून मुलगी काढली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम, नाळेचे दोन वेढे मानेला. सहा दिवस ती काचेच्या पेटीत होती. ती जगली.