हॉटेलातली पानकोबी

आईचं जेवण सुटलं त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. घाटंजीला आमचं घर, गावाबाहेर कपाशीचं शेत, आणि घरात आम्ही तिघंच. आधी तिला भाकर नकोशी झाली, मग वरण, मग दूधही. ताटावर बसायची, घास हातात घ्यायची आणि परत खाली ठेवायची. "मातीवानी लागते सारं," म्हणायची. बोलण्यात तक्रार नसायची. आपलंच काही चुकलं असावं, असा चेहरा करायची.

गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बाबांनी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत मीही गेले. दोन दिवस तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी बाबांना एकट्याला आत बोलावलं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "जे खाईल ते खाऊ द्या म्हणते डॉक्टर." मला ते ऐकून बरं वाटलं. पथ्य नाही म्हणजे दुखणं हलकं, असंच मी समजले. बाबांच्या तोंडाकडे मी नीट पाहिलं नाही.

परतीच्या मोटरला वेळ होता आणि आईला उभं राहवत नव्हतं. जवळच एक हॉटेल होतं, पंखे लावलेलं, टेबलांवर पांढरी कापडं अंथरलेलं. असल्या ठिकाणी आम्ही कधी पाय ठेवला नव्हता. पण तिला बसवायचं होतं, म्हणून बाबा आत शिरले आणि बिनअंड्याचं, बिनमटणाचं काय आहे ते विचारलं. वाढप्याने बटाट्याचे कटलेट आणून ठेवले. त्यांच्या बाजूला पांढऱ्याशा कसल्या रसात कालवलेली, गार, बारीक चिरलेली पानकोबी होती.

आईने कटलेटला हात लावला नाही. पानकोबीचा एक घास घेतला, थांबली, मग दुसरा घेतला. बघता बघता तिने आपली पानकोबी संपवली. बाबांनी आपली बशी तिच्यापुढे सरकवली, मीही सरकवली.

"तुमाले नको काय?" ती म्हणाली आणि खात राहिली.

तीन महिन्यांत तिला असं खाताना मी पाहिलं नव्हतं. हात धुवायच्या निमित्ताने मी उठले आणि वाढप्याला गाठून त्यात काय घालतात ते विचारलं.

"पत्तागोभी, गाजर और सफेद सॉस," तो म्हणाला. "अंडे के पीले हिस्से में बूँद बूँद तेल डालके फेंटते हैं. ऊपर से नींबू, शक्कर."

"अंडं? आमी तर बिनअंड्याचं सांगतलं होतं."

तो हसला. "उसमें अंडा दिखता थोड़े ही है, बहनजी."

आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलं नव्हतं. मी टेबलाजवळ येऊन बसले. ती बशीतला उरलेला रस बोटाने पुसून घेत होती. मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

घरी आल्यावर चार दिवसांनी तिने विचारलं, "तसं तुले जमन का व?"

घाटंजीच्या बाजारात पानकोबी मिळाली तर मिळायची. ती आणायला बाबा मोटरने यवतमाळला जाऊ लागले. मी अंड्याशिवाय करायचं ठरवलं. पहिल्यांदा दह्यात कालवली. ती आंबट तर झालीच, वर घटकाभरात खाली पाणी सुटलं. मग मीठ लावून पिळून घेतली आणि दही फडक्यात बांधून त्याचा चक्का घातला. तिने एक घास खाल्ला. "चांगली केली," म्हणाली, आणि वाटी खाली ठेवली. मग साय फेटून त्यात लिंबू पिळलं, तर साय फाटली. मोहरी वाटून घातली, ती तिच्या नाकात गेली. भिजवलेले शेंगदाणे गंधासारखे वाटून पाहिले. प्रत्येक वेळी ती उठून बसायची, वाटीत आशेने पाहायची, एक घास घ्यायची आणि माझी समजूत काढायची. "तू कायले एवढी राबतं? राहू दे." तिचे हात तोवर काडीसारखे झाले होते. मी तिला उचलून बसवायची तेव्हा वजन असं लागतच नव्हतं.

आमच्याकडे कापूस वेचायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक बाई यायची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणत असू. एके दिवशी मी तिला शेतात गाठलं आणि तिच्याकडे अंडी मागितली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मायसाठी काय?"

मी मान डोलावली. आणखी काही न विचारता दुसऱ्या दिवशी तिने कापसात गुंडाळून चार अंडी आणून दिली.

दुपारी आईचा डोळा लागला की मी गोठ्यात जायची. पहिल्या दिवशी अंड्याचा वास सोसेना म्हणून पदर नाकाला बांधला. तेल घाईने ओतलं, ते वर तरंगत राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी कापसाची वात केली, फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात बुडवली आणि एका हाताने थेंब थेंब पिळत दुसऱ्या हाताने फेटत राहिले. हात भरून आला. अचानक ते लोण्यासारखं घट्ट झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र वाडगा मांडीवर घेऊन रडत बसले.

संध्याकाळी वाटी तिच्या हातात दिली. दुसऱ्या घासाला तिने वर पाहिलं.

"हेच व. काय टाकलं याच्यात?"

"साय," मी म्हणाले.

"साय तर त्या दिवशीही होती."

"आज म्हशीची होती."

तिने वाटी संपवली. याडी अंडी आणून देत राहिली आणि दहा-बारा दिवस आई रोज थोडं थोडं खात होती. तोंडावर जरा तजेला आला. एकदा तर तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. मी टरफलं गोठ्यामागे टाकून वर राख ओढत असे. एका सकाळी पाहिलं तर बाबा तिथे खड्डा करून ती पुरत होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्यांनी माती लोटून खड्डा बुजवला. त्याच दिवशी ते यवतमाळहून तीन पानकोब्या घेऊन आले.

मग एका संध्याकाळी तिने घास तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी पदर पुढे केला, त्यात तिने तो काढून टाकला.

"आता हेही जात नाही व बाई," ती म्हणाली. "तू रागाऊ नको."

त्या वेळी खरं सांगून टाकावं, असं मनात आलं. पण सांगून मी काय मिळवणार होते? आणि न सांगता तरी कशी राहणार होते? तिच्या गळ्यातली माळ मानेच्या हाडावर टेकलेली दिसत होती. मी तिचं तोंड पुसलं आणि वाटी उचलून बाहेर आले.

वाटी अर्धी भरलेली होती. ती कुठे टाकावी ते मला कळेना. अंगणात नुसती उभी राहिले. बाबा ओट्यावरून उठून आले.

"दे इकडं."

"बाबा, त्याच्यात..."

"मालूम हाय मले."

जन्मात अंड्याला बोट न लावलेला तो माणूस तिथंच उभ्याने खाऊ लागला. हळूहळू, एकेक घास नीट चावून त्यांनी सगळं संपवलं. वाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "लय मेहनत घेतली तू." आणि आत तिच्याजवळ जाऊन बसले.

पंधरवड्याने ती गेली.