ताडकळसचा पासवर्ड

"मॅडम, फक्त एक ओळ लिहून द्या. 'ऑपरेटर वारंवार चुकीचा पासवर्ड टाकते.' बस. खाली सही करा."

आमचे मॅनेजर चौधरी साहेब माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात ताडकळस सेंटरच्या वैशाली खिल्लारेला कामावरून कमी करण्याचं पत्र. पत्र टाईप होऊन तयार होतं, माझ्या ओळीपुरती जागा तेवढी मोकळी सोडली होती.

मी परभणीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळते. मुख्य लॅब परभणीत आणि जिंतूर, सेलू, ताडकळस अशा गावांत छोटी सेंटर्स. सेंटरवर रक्त घ्यायचं, पेशंटचं नाव कॉम्प्युटरवर चढवायचं, बारकोड काढून नळीला चिकटवायचा आणि नळ्या बर्फाच्या डब्यात घालून परभणीला पाठवायच्या. ताडकळसला हे सगळं वैशाली एकटी करते.

रोज सकाळी तिचं लॉगिन लॉक झालेलं असायचं. लागोपाठ चुकीचा पासवर्ड पडला की कॉम्प्युटर ते खातं बंद करून टाकतो, कुणी चोर घुसू नये म्हणून. मग वैशाली फोन करणार, आम्ही इथून लॉक काढणार, आणि तोवर शुगर तपासायला उपाशीपोटी आलेली माणसं तिकडे बाकावर ताटकळत बसणार. एखादे आजोबा कंटाळून समोरच्या हॉटेलात भजी खाऊन येणार, म्हणजे तपासणीच बोंबलली. हे बरेच दिवस चाललं होतं. आधी वैशालीला फोनवर समज दिली, मग सगळ्या सेंटर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. 'पासवर्ड लक्षात राहत नसेल तर नोकरी कशी करणार?' असं साहेबांनी चारचौघांत लिहिलं होतं. त्यावर दोघांतिघांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या.

"तिनंच चुकीचा टाकला हे कशावरून?" मी विचारलं.

"लॉगमधी स्पष्ट लिवलंय ना. पुण्याच्या इंजिनियरनं पाठवलंय." साहेबांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर 'फेल्ड पासवर्ड' अशा ओळींचा फोटो होता, उजवीकडून कापलेला.

"मी एकदा तिकडं जाऊन बघते. मग लिहिते."

"कशाला तरास घ्यायलाव मॅडम? पोरीचं ध्यान नसतंय कामात. आमाला म्हाईत हाय ना."

कसं माहीत, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही सही केली नाही.

त्याच संध्याकाळी मी परभणीतून लॉक काढला आणि वैशालीला फोन केला. म्हटलं, एकदा लॉगिन करून बघ. झालं. लगेच. मग म्हटलं, आता बाहेर पड, शटर लाव आणि उद्या मी येईपर्यंत उघडू नको.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ताडकळस गाठलं. बाजाराचा दिवस होता, सेंटरसमोर भाजीवाल्यांनी आधीच गोण्या टाकल्या होत्या. शटर बंद. पायरीवर चार-पाच पेशंट आणि त्यांच्यात वैशाली, किल्ली मुठीत धरून.

"मॅडम, कालपास्नं म्या हात बी न्हाई लावला. ह्यांना इचारा," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. उघड."

शटर वर गेलं. मीच मशीन चालू केलं, तिला शेजारी उभं केलं आणि सांगितलं, पासवर्ड टाक. खातं लॉक.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि रडायला लागली. "मला वाटायलं व्हतं, माझंच डोकं फिरलंय. घरी रोज वहीवर लिवून लिवून बघायची. ह्यो काय पासवर्ड इसरायचा हाय व्हय? माझ्याच अंगणातला मोगरा आन् जाई!"

तिथं मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. एका शहाण्या मुलीला आपल्या डोक्याबद्दल शंका यायला लागेपर्यंत आपण तिला बोललो, आणि कुणी एकदा उठून एसटीनं इथवर आलं नाही.

बाहेरच्या माणसांची सोय आधी केली. लॉक काढला, वैशालीनं डोळे पुसून रक्त घ्यायला सुरुवात केली, आणि मी मशीनवरचा लॉग उघडला, न कापलेला. लॉग म्हणजे मशीन स्वतःच लिहून ठेवतं ती नोंद. प्रत्येक चुकीच्या प्रयत्नापुढे, तो कुठल्या मशीनवरून झाला, त्याचा पत्ता असतो. पत्ता ताडकळसचा नव्हता. परभणीचा होता. आमच्या हेड ऑफिसच्या सर्व्हरचा.

आता थोडं समजावून सांगते. आदल्या दिवसाच्या नोंदी गोळा करायला आमचा सर्व्हर रोज पहाटे प्रत्येक सेंटरच्या मशीनवर दुरूनच लॉगिन करतो. माणूस नसतो, स्क्रिप्ट असते. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लिहून दिलेला कामाचा क्रम: इथं जा, पासवर्ड विचारला की हा दे, फाईल उचल, परत ये. ही स्क्रिप्ट आम्हाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची, त्यांच्या अक्षय नावाच्या इंजिनियरनं लिहिलेली. आणि ती लॉगिन करायची ऑपरेटरच्याच नावानं, तिच्याच पासवर्डनं! त्यासाठी दर तिमाहीला सगळ्यांनी नवा पासवर्ड ठेवायचा आणि तो हेड ऑफिसला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचा, अशी आमची पद्धत. घराला कुलूप लावायचं आणि किल्लीचा फोटो गल्लीत वाटायचा, त्यातला प्रकार.

परभणीला परतून मी स्क्रिप्ट उघडली. वैशालीचा पासवर्ड होता Mogra$Jai9. स्क्रिप्टमध्ये तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला होता. शेल, म्हणजे मशीनवर आपले हुकूम वाचून अमलात आणणारा प्रोग्रॅम, दुहेरी अवतरणातला मजकूर जसाच्या तसा ठेवत नाही. आत डॉलरचं चिन्ह दिसलं की त्याला वाटतं, पुढे एका डब्याचं नाव आहे, त्या डब्यात असेल ते काढून इथं ठेवायचं. या डब्याला आमच्या धंद्यात व्हेरिएबल म्हणतात. शेलनं Jai9 नावाचा डबा शोधला. असा डबा कुणी केलेलाच नव्हता. तर शेलनं तक्रार करायची की नाही? नाही. त्यानं तिथं काहीच ठेवलं नाही आणि पुढे गेला. ताडकळसला रोज पहाटे नुसता Mogra पोचायचा. चुकला की स्क्रिप्ट पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा चुकायची, खातं लॉक होईपर्यंत. आणि नोंद व्हायची वैशालीच्या नावावर.

मी अक्षयला फोन लावला.

"मॅम, बाकी सगळ्या सेंटर्सला चालतंय ना? मग युजर एररच असणार."

बाकी सगळ्यांना चालत होतं, हे खरं. म्हणून मी बाकीच्यांचे पासवर्ड बघितले. Jintur@123. Selu@123. सगळी रांग अशीच, गावाचं नाव आणि पुढे @123. आमच्याकडे बँकेपासून वायफायपर्यंत निम्म्या जिल्ह्याचा हाच पासवर्ड असेल. शेलला @ चं काही वाकडं नाही, म्हणून स्क्रिप्ट बिनबोभाट चालायची. पण चौधरी साहेबांच्याच सहीचं परिपत्रक निघालं होतं: पासवर्डमध्ये गावाचं नाव नको, 123 नको, विशेष चिन्ह हवं. ते सगळ्यांनी वाचून सोडून दिलं. एकटीनं पाळलं. घरी पाठवायला निघालो होतो ते तिलाच.

मी हे अक्षयला सांगितलं. तो म्हणाला, "ओके मॅम, सिंगल कोट करतो. डन."

एकेरी अवतरण म्हणजे सीलबंद पाकीट. शेल ते फोडत नाही, आतलं तसंच पुढे देतो. उपाय बरोबर होता, पण अर्धाच. कारण शेल तो पासवर्ड पुढे दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडे सोपवत होता, जो पलीकडच्या मशीननं विचारलं की माणसासारखं उत्तर टाईप करतो. अक्षयनं शेलकडूनच त्या प्रोग्रॅमचे हुकूम लिहून घेतले होते, आणि तिथं पासवर्ड पुन्हा दुहेरी अवतरणात येऊन पडत होता. त्यालाही डॉलर दिसला की डबा शोधायची खोड. पहिल्या हातानं पाकीट सांभाळलं, दुसऱ्यानं फोडलं. हा दुसरा मात्र गप्प बसणारा नाही. डबा सापडला नाही तर तो जागीच थांबतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ताडकळसचं लॉगिन लॉक झालं नाही, पण स्क्रिप्ट ताडकळसवर अडली आणि यादीत ताडकळसच्या मागे असलेल्या जिंतूर-सेलूच्या नोंदीही आल्या नाहीत.

चौधरी साहेब तणतणत आले. "बगा! आता त्या बाईपायी बाकीचे सेंटर बी बंद पडले! तिला म्हणाव, सगळ्यांसारखा ताडकळस@123 ठेव. मिटलं."

"साहेब, पहाटे ती मशीनजवळही नव्हती. अडलंय आपलं मशीन."

"अवो पण डॉलर टाकायचाच कामून?"

"तुम्ही सांगितलं म्हणून." मी परिपत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. "आणि ते पत्र द्या, माझी ओळ लिहायची राहिलीय."

त्यांनी पत्र दिलं. मोकळ्या जागेत मी लिहिलं: चुकीचा पासवर्ड हेड ऑफिसचा सर्व्हर टाकतो, ऑपरेटर नाही. खाली सही केली आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली. साहेबांनी पत्र घडी करून खिशात घातलं. ते पुन्हा कधी बाहेर आलं नाही.

मग मी अक्षयच्या मागे लागून स्क्रिप्टमधले पासवर्डच काढून टाकायला लावले. आता सर्व्हरचं प्रत्येक सेंटरवर स्वतःचं वेगळं खातं आहे आणि तो पासवर्डऐवजी एका किल्ली-फाईलनं, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या गुप्त फाईलनं, आत जातो. ना अवतरणचिन्हं, ना डॉलरची भानगड. पहिल्या दिवशीच हे करता आलं असतं. कंपनीनं बिलावर मात्र 'सिस्टीम अपग्रेड' असं लिहिलं.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "ताडकळसचा टेक्निकल इश्यू होता, सॉल्व्ह झालाय." पुढचा विषय. इतके दिवस इश्यूचं नाव वैशाली होतं. सुटल्यावर तो टेक्निकल झाला.

संध्याकाळी वैशालीचा फोन आला.

"मॅडम, माझा पासवर्ड बराबर व्हता ना?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग जिथं मला बोलले, तिथंच लिवा की. माझी भावजय बी सेलूच्या सेंटरला हाय. तिनं समदं वाचलंय."

मी ग्रुपवर लिहिलं: 'ताडकळसच्या वैशाली खिल्लारे यांचा पासवर्ड सुरुवातीपासून बरोबर होता. चुकीचा पासवर्ड हेड ऑफिसचा सर्व्हर टाकत होता.' लगेच साहेबांचा फोन.

"मॅडम, ते डिलीट करा. बरं दिसत न्हाई."

"तिला बोललात तेव्हा बरं दिसत होतं?"

मी डिलीट केलं नाही. ज्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या, त्यांनी हे वाचलं. दोन निळ्या खुणा दिसल्या. माफी मात्र कुणी मागितली नाही. साहेबांनीही नाही.

थोड्या वेळानं ग्रुपवर वैशालीचाच मेसेज आला. 'नवा पासवर्ड ठेवला आहे. आता कोणालाही कळवणार नाही.'

त्यावर पहिला अंगठा मी टाकला.