अजून एकदा अडेल

माणूस गेला तरी आपल्यातच असतो, असं आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी काकूंच्या शोकसभेत सद्गदित होऊन सांगितलं आणि त्याच दमात वडे गरम आहेत तोवर घ्यावेत अशी विनंती केली. काकूंच्या यजमानांनी, म्हणजे राउटरकाकांनी, दोन्ही ऐकलं आणि वडा घेतला नाही.

काका नेटवर्क इंजिनिअर होते, पण हे नाव नोकरीवरून पडलं नव्हतं. "घरी नवा राउटर आणलाय," असं ते एकदा मंडळात म्हणाले, तेव्हा चौघांनी पासवर्ड विचारला. तो लाकूडकामाचा राउटर होता: लाकडाच्या कडा गोल करणारं, खाचा पाडणारं, कानठळ्या बसवणारं यंत्र. सिंगापुरात तोआ पायोहच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये बॉम्बहल्ल्यात लपण्यासाठी जाड पोलादी दाराची खोली होती. इतर लोक तिथे सुटकेसी आणि कांदे ठेवतात. काका तिथे काकूंसाठी सागवानी देव्हारा करत. शेजारची आंटी विचारायची, "अंकल, द बॉम्ब इनसाइड, इज इट?"

यंत्राचं पातं, म्हणजे बिट, बदलणं हे दोघांचं काम. काकू बटण दाबून दांडा रोखून धरायच्या, काका पाना फिरवायचे. बिटाला आवळून धरणारं चिरा दिलेलं छोटं नळकांडं असतं, ती कॉलेट. जाड दांडीच्या बिटाला मोठी कॉलेट, बारीक दांडीला लहान. तिची एक खोड आहे. नट सैल होतो, बोटांनी फिरतो, सुटलं म्हणून आपण बिट ओढतो, तर ते निघत नाही. नट पुन्हा घट्ट लागतो आणि पाना पुन्हा लावावा लागतो. काकू दर वेळी बजावायच्या, "अहो, अजून एकदा अडेल हं."

"तुला शिकवलं कोणी?" काका दर वेळी विचारायचे.

"काम झालं की बिट काढून ठेवावं, नाहीतर जाम होतं," हे काकांचं सुभाषित. पण काकू गेल्यानंतर मी त्या खोलीत डोकावलो, तर दोघांनी मिळून लावलेलं शेवटचं बिट तसंच होतं. देव्हाऱ्याच्या मागच्या फळीची खाच राहिली होती. तिला जाड दांडीचं बिट हवं, म्हणजे कॉलेटही बदलायला हवी. "बदलू सवडीने," काका म्हणायचे. वर्षभर सवड झाली नाही. ते ऑफिसला जात, लिटिल इंडियातून भाजी आणत, विनोदही करत. काका सावरले, असं मंडळाचं मत पडलं.

मग त्यांच्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याची, मुदत वाढली नाही. फ्लॅट रिकामा करून पुण्याला परतायचं होतं. फोन आला, "येतोस का? बटण धरायला माणूस नाही." हे काम एकट्यालाही जमतं. मी ते बोललो नाही.

प्लग काढला होता. मी बटण दाबलं, काकांनी पाना लावला. नट कुरकुरला, सुटला, बोटांनी फिरू लागला. त्यांनी बिट ओढलं. ते हललं नाही. काका थांबले. पोलादी दार लावलेलं, बाहेरचा आवाज नाही. माझ्यासारखा नास्तिकही कान देऊन उभा होता.

"बोल की," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

शेवटी त्यांनीच, अगदी काकूंच्या सुरात, "अजून एकदा अडेल हं," म्हटलं आणि पाना फिरवला. टक् झालं. निघालेलं बिट त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. मग मोठी कॉलेट चढवली आणि खाच पाडली.

राउटर ते मला देऊन गेले. कॉलेट बदलताना नट पहिल्यांदा सुटला की मी अजून थांबतो. आत्म्यावर माझा विश्वास नाही, पण कानात येतो तो आवाज ओळखीचा असतो.

देव्हारा पुण्याला सुखरूप पोचला. त्याच्या कळसाशेजारी सध्या वाय-फायचा राउटर ठेवला आहे. घरात सिग्नल तिथेच नीट येतो.