खडकवाडीत बार नाही

साधनाला राग लवकर येतो, हे खडकवाडीत सगळ्यांना माहीत आहे. कनेरगाव नाक्यावरून आत सात किलोमीटरवर असलेल्या या गावाची ती कोतवाल. कागदावर आता त्या पदाला महसूल सेवक म्हणतात, पण पाटी बदलली म्हणून कामं थोडीच बदलतात! तलाठ्याचे कागद फिरवायचे, पंचनाम्याला माणसं गोळा करायची, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या, आणि गावाला काही कळवायचं असेल तर ते घरोघर पोचवायचं. तिचे वडील सोनाजी आधी याच जागेवर होते. ते डफडं वाजवत गल्लोगल्ली फिरायचे. ते डफडं पुढे माळ्यावर गेलं, कातडं उंदरांनी खाल्लं, आणि दवंडीचं काम साधनाच्या फोनवर आलं.

तिने 'आपली खडकवाडी' नावाचा ग्रुप काढला होता. गाव आणि शेजारचा तांडा मिळून चारशे ऐंशी माणसं त्यात. लसीकरण कधी, लाइट कधी जाणार, कुणाची म्हैस सुटली, सगळं त्यावर. सहा वर्षांत तिने एकदाही त्यावर गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला टाकूही दिलं नव्हतं. तिने लिहिलं म्हणजे ते खरंच, एवढी तिची वट होती.

मे महिन्यात तांड्याच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीचं काम निघालं. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, तेव्हा खेमाला बोलावलं. खेमा तांड्यातलाच, परवाना असलेला सुरुंगवाला. खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची आणि लांबून बटण दाबून खडक फोडायचा, याला आपल्याकडे बार उडवणं म्हणतात. आजोबा म्हणायचे, पणजोबा म्हणायचे. बार उडायच्या आधी गावाला सांगायचं आणि दोन्ही वाटांवर माणसं उभी करायची, हा रिवाजही तेवढाच जुना. एक गाडीवाट, दुसरी नाल्यातली पायवाट.

सोमवारी संध्याकाळी साधनाने नेहमीसारखं लिहिलं: 'उद्या दुपारी बारा वाजता तांड्याच्या वाटेवर बार उडवणार आहे. आपापली लेकरं, ढोरं घेऊन लांब राहावे. वाट अडवायला दोन माणसं लागतील, नावं कळवा. सगळ्यांना सांगा.'

असा निरोप आधी दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळी काही झालं नव्हतं. तिसऱ्यांदा कुणीतरी तो जावयाला पाठवला, जावयाने हिंगोलीच्या मित्राला, आणि तिथून तो कुठे कुठे गेला ते देवालाच ठाऊक. मंगळवारी सकाळी साधनाने फोन उघडला तर ग्रुप गायब. तिच्या नंबरवर कंपनीचा निरोप होता की हिंसक मजकूर पसरवल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. तक्रार असेल तर इथे दाबा. तिने दाबलं. उत्तर आलं, 'तुमची तक्रार तपासली. निर्णय योग्य आहे.' तपासायला चार सेकंद लागले होते.

"आबा, हे कोन तपासून राहिलं?" तिने सोनाजींना विचारलं.

"मशीन असंल," सोनाजी म्हणाले. "मानूस असता तर चहा पेऊन तरी न्हाई म्हनला असता."

आठ वाजता ठाण्यातून जमादाराचा फोन आला. कोणता बार, कोण उडवणार, कशासाठी, असं त्याने दरडावून विचारलं. साधनाने विहिरीचं सांगितल्याबरोबर तो खो-खो हसला. तो शेतकऱ्याचाच मुलगा, त्याला एका वाक्यात कळलं. "पन ताई, वर कळवलंय आता," तो म्हणाला. "तिकडून खुलासा येईल. मग काही प्रॉब्लेम नाही." साधनाला हायसं वाटलं. खुलासा आला म्हणजे आपला निरोप खरा ठरेल, असं तिला वाटलं. केवढा भाबडेपणा!

खुलासा साडेदहाला आला. तांड्यातली पुजा स्कूटीवरून तो दाखवायला आली. पुजा कळमनुरीच्या कॉलेजात शिकते, आणि आजीला, म्हणजे रुख्मिणीबाईला, ग्रुपवरचं सगळं तीच वाचून दाखवते. फोनवर साधनाचाच निरोप होता, आणि त्यावर तिरका लाल शिक्का: 'खोटी बातमी'. खाली कुठल्याशा तथ्य पडताळणी कक्षाने लिहिलं होतं: 'चौकशीअंती असे निदर्शनास आले आहे की मौजे खडकवाडी येथे एकही परवानाधारक बार अस्तित्वात नाही. त्यामुळे तो उडवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये व आपले दैनंदिन व्यवहार सुरळीत चालू ठेवावेत.'

साधनाने ते दोनदा वाचलं. आधी तिला हसू आलं, मग कानशिलं तापली. त्यांनी दारूचा बार शोधला होता! परवान्याची यादी काढून पाहिली होती. आणि गंमत अशी की त्यातला शब्दन् शब्द खरा होता. खडकवाडीत बार नाही. दारू प्यायची तर लोकांना नाक्यावरच्या ढाब्यावर जावं लागतं.

"म्हंजे रद्द झालं न्हाई का?" पुजाने विचारलं. "आमी तर समद्यायला सांगून टाकलं."

"काहून सांगितलं? मला इचारायचं न्हाई?"

"तुमचं खातं बंद दाखवून राहिलं, ताई. अन हे सरकारचंच आलंय ना."

तुम्ही कोण मग, असं पुजाने विचारलं नाही. पण साधनाला ते ऐकू आलं. सहा वर्षं ती या गावातलं सरकार होती, आणि लाल शिक्क्याने ते एका सकाळीत संपवलं होतं.

"तुझी आजी कुठंय?"

"शेळ्या घेऊन माळाला गेली असंल. आज जानार नव्हती, पन खुलासा वाचून दाखवला तवा निघाली."

माळ लांब होता. साधनाचा जीव थोडा भांड्यात पडला. तिने पुजाला तांड्यात घरोघर सांगायला पिटाळलं आणि खुलाशाखालचा नंबर लावला. मराठीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी तीन दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अकरा मिनिटं तो महत्त्वाचा होता, मग कटला. तिने नायब तहसीलदारांना फोन केला.

"अहो, खुलासा वरून आलाय," साहेब म्हणाले. "आपण कसा बदलणार? तुम्ही लेखी द्या, मी पुढे पाठवतो."

"साहेब, बार बाराला उडनार हाय!"

"म्हणून तर म्हणतो, लवकर द्या."

ती फोन ठेवते तोच हरीश सरांचा आला. सर कळमनुरीला शिकवतात आणि 'जिल्हा चर्चा' नावाचं मोठं पान चालवतात. सकाळपासून त्या पानावर खडकवाडीच गाजत होती. सरांनी मतदान लावलं होतं, 'जबाबदार कोण? कंपनी, माध्यमं की सरकार?' तीनशेच्या वर मतं पडली होती. एकजण लिहीत होता की परदेशी कंपन्यांना वेसण घाला. दुसरा म्हणत होता, सरकारच्या हाती शिक्का दिला तर उद्या खऱ्यालाही खोटं म्हणतील. तिसऱ्याला निरोपाची बातमी करणाऱ्या पोर्टलवाल्यांना तुरुंगात टाकायचं होतं. एकाने विचारलं होतं, खडकवाडीत बार कधी उघडला? त्याला सगळ्यात जास्त हसरे चेहरे मिळाले होते.

"साधनाताई, दहा मिनिटं लाइव्ह या. तुमच्यावर अन्याय झालाय."

"सर, आधी तुमच्या पानावर टाका, बार खराच हाय. विहिरीचा. बारा वाजता. लोकं लांब ठेवा."

"ते टाकू की. पण मुद्दा आता तेवढा राहिला नाही, ताई. मुद्दा अभिव्यक्तीचा आहे."

साधनाने फोन कापला. तोंडात आलेली शिवी तिने गिळली नाही, मोठ्याने दिली. रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

मग ती चालत सुटली. पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं. प्रत्येक जण ऐकून घ्यायचा, खिशातून फोन काढायचा आणि तिलाच तो लाल शिक्का दाखवायचा. "ताई, तुमचं खातं हॅक झालंय म्हनतात," एकजण समजावणीच्या सुरात म्हणाला. वाट अडवायला चल म्हटलं तर कुणी हलेना. उद्या आपल्यावर केस झाली तर? बराबर होतं त्यांचं. शिक्का लागलेल्या माणसाच्या मागे कोण उभं राहणार?

बाराला पाच कमी असताना ती एकटीच विहिरीवर पोचली. खेमा आभाळाकडे बघत उभा होता. पूर्वेकडून वळवाचे ढग चढून आले होते आणि मधूनच वीज चमकत होती.

"खेमा, आजचा दिवस थांबता येईल का?"

"सकाळीच भरलेत, ताई. भरलेला बार काढता येत न्हाई. अन हे बघा वर. ईज जवळ पडली तर आपोआप उडंल, कवा ते सांगता यायचं न्हाई. मानसं कुठं हायत?"

"न्हाईत. मी हाय."

वाटा दोन होत्या आणि साधना एक. ती आधी नाल्यात उतरली, जमेल तितकं पुढे गेली आणि तीनदा ओरडली, "बाऽऽर हाय! लांब व्हाऽऽ!" बाभळींच्या पलीकडून काही उत्तर आलं नाही. मग धापा टाकत ती गाडीवाटेवर आली, कारण तिकडून ट्रॅक्टर येत होता. तो तिने अडवला. खेमाने तीन लांब शिट्ट्या मारल्या आणि लांबूनच विचारलं, "दाबू का?" वीज पुन्हा चमकली, या वेळी जवळ. साधनाने दोन्हीकडे पाहिलं आणि दाब म्हणून हात वर केला.

बारा वाजून दहा मिनिटांनी बार उडाला. दगडांचा आवाज थांबल्यावर नाल्यातून शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं.

रुख्मिणीबाई माळाला गेलीच नव्हती. ऊन फार म्हणून ती शेळ्या घेऊन बाभळींच्या सावलीला बसली होती. पायलीएवढा दगड तिच्या उजव्या नडगीवर येऊन पडला होता. साधनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टरवाला धावत आला.

"आजी, मी ओरडले होते. आयकू आलं न्हाई का?"

"आलं की," म्हातारी कण्हत म्हणाली. "तुजाच आवाज व्हता. पन मनलं, ही खोटं सांगून राहिली. पोरीनं वाचून दाखवलं व्हतं ना."

साधनाला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण शेळ्यांमागे फिरणं आता विसरा. पुजा दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. हरीश सरांच्या पानावर मतदानाला चौथा पर्याय वाढला होता, 'गावातली कोतवाल'. संध्याकाळपर्यंत तोच पुढे होता.

गुरुवारी तहसीलमधून नोटीस आली. अफवा पसरवून जनतेत घबराट निर्माण केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा.

"माफीचं लिही, पोरी," सोनाजी म्हणाले. "नोकरी हाय."

साधनाने कोरा कागद घेतला. माफीचंच लिहायला बसली होती ती. वर तारीख घातली, मौजे खडकवाडी लिहिलं, आणि मग तिचा हात थांबला नाही.

'खुलासा. खडकवाडीत बार नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. होता, तो मंगळवारी बारा वाजून दहा मिनिटांनी उडाला. त्यात रुख्मिणीबाई यांचा पाय मोडला. माझा निरोप ऐकून त्या घरी थांबणार होत्या, आपला खुलासा ऐकून बाहेर पडल्या. हात मी वर केला होता, तेवढी चूक माझी आहे. बाकीची कोणाची, ते चोवीस तासांत कळवावे.'