सुमनच्या मापाच्या बांगड्या

परवा लेकीसाठी नागपंचमीच्या बांगड्या घेत होते. दुकानातल्या बायका मोबाईल बघत, बेपत्ता झालेल्या कुठल्याशा मुलीचा खून कुणी केला असेल ते ठरवत होत्या. काचेच्या किणकिणीत मला माहेरचं, लोहा गावातलं आमचं अंगण आठवलं.

तेव्हा शेजारच्या यशोदाकाकूंची सुमन सासरहून नाहीशी झाली होती. पंचमीआधी आमच्या अंगणात बसणाऱ्या कासारापुढे हात धरून बायकांची चर्चा चालायची. आधी म्हणायच्या, "गेली असंल कुणासंगं." मग विहिरीजवळ पोलिसांना तिची रक्ताळलेली साडी सापडली. "नवऱ्यानंच मारलं. मला तर लई आधीच वाटलं हुतं," त्याच बायका म्हणाल्या.

तेवढ्यात काकू येऊन बसल्या.

"मामा, आमच्या सुमनच्या मापाच्या द्या. हिरव्या. पंचमीला यील लेकरू. जुन्याच बांगड्या घालून वारुळाला कसं जाईल?"

कासारमामांनी मान खाली घालून बांगड्या कागदात गुंडाळल्या.

बिचारीला काही ऐकूच आलं नसावं, असं तेव्हा मला वाटलं. आता माझी लेक सासरी आहे, आणि आता कळतं. फाटकातून आत येतानाच काकूंनी सगळं ऐकलं होतं. ऐकलं, म्हणूनच त्यांनी बांगड्या मागितल्या.