शेजारच्या गाळ्यातला पांढरा शर्ट

धामणकर नाक्यावर आमच्या शेजारच्या गाळ्यात एक गृहस्थ श्वासाच्या हवेचे सिलिंडर भरून देतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि काहीही विचारा, आधी "टेन्शन नको, मावशी."

त्यांचं छोटं मशीन हवा दाबून सिलिंडरात भरतं. वाटेत एका नळीत दाणे असतात, ते हवेतलं पाणी शोषतात. दाणे भिजले की नवे घालायचे असतात. हे महाशय जुनेच दाणे पेपरवर उन्हात पसरतात आणि संध्याकाळी गोळा करून पुन्हा नळीत ओततात. अहो, मी पापड करणारी बाई. भिवंडीच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत उघडं राहिलेलं काय कोरडं राहणार? तसं बोलले तर म्हणाले, "मावशी, ये टेक्निकल बात है, पापड नाही."

माझा मुलगा इथल्याच जवळच्या पूर्णा गावच्या गोदामांत आग विझवायला जातो. धुरात शिरताना पाठीवर यांचंच सिलिंडर.

परवा तो भरलेलं सिलिंडर न्यायला आला, तेव्हा मी म्हटलं, "उलटं धर रे, आणि थोडी हवा सोड." फस्सकन हवा सुटली, आणि तिच्याबरोबर गंजाचं तांबूस पाणी थेट त्या पांढऱ्या शर्टावर.

"मावशी, हा डाग जाणार नाही," म्हणत ते नळाकडे धावले. सिलिंडरकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलगा आता हवा कल्याणहून भरून आणतो. हे अजून तेच दाणे वाळत घालतात. शर्ट तेवढा तपकिरी घालायला लागलेत.