हसण्याचा शॉट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. नोकरी सगळी यंत्रांमध्ये गेली. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचायचो आणि कपाबरोबर बाजूला ठेवायचो. तरी लिहितोय, कारण एका गोष्टीबद्दल मी घरात खोटं बोललो आहे.

मी आणि माझी पत्नी नलिनी सिंगापूरला हौगांगमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहायचो. नात ईशा मीडियाचं शिकते. इथल्या एका जुन्या बंगल्यात बेल्जियमहून आलेली मंडळी भयपट करत होती, तिथे ती मदतीला जायची. त्यांना मुलं सांभाळणाऱ्या एका भारतीय आयेचं प्रेत म्हणून झोपायला वयस्कर बाई हवी होती. नलिनीने लग्नाआधी कोल्हापुरात सिनेमात बारीकसारीक कामं केली होती. पुढे ते सुटलं... म्हणजे, मी सोडायला लावलं.

"करू का हो?" तिने विचारलं.

"मढ्याला कसला आलाय अभिनय?"

"श्वास रोखून पडणं सोपं वाटतं होय? तुम्ही तर झोपेतही घोरता."

शॉट एकदम छान झाला. दिग्दर्शिका तरुण होती, तिने स्वतः टाळ्या वाजवल्या. नलिनी उठून बसली आणि मला म्हणाली, "अहो, तिला सांगा, आता मी कॅमेऱ्याकडे बघून हसते, तो एक शॉट घे. मेल्याचं काम केलं की आमच्याकडे घ्यायचेच. तसंच उठून जाऊ नये, अशुभ असतं."

मला लाज वाटली. एवढी परदेशी माणसं, त्यांच्यासमोर हे असलं काय सांगायचं?

"काय म्हणतायत त्या?" दिग्दर्शिकेने इंग्रजीत विचारलं.

"थँक यू म्हणतेय," मी सांगितलं.

तेवढं इंग्रजी नलिनीला कळत होतं. शूटिंगची पांढरी साडी तिथेच परत करून आम्ही टॅक्सीने घरी आलो. चेहऱ्यावरचा प्रेताचा रंग तिने घरच्या बेसिनवर धुतला.

काही महिन्यांनी ती गेली. हृदय आधीपासूनच अशक्त होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला पटतं. ईशाला पटलं नाही. हसण्याच्या शॉटबद्दल आजीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, पण त्या वेळी ती बाहेरच्या कामात अडकली होती. "आय शुड हॅव रिमाइंडेड देम, आजोबा," म्हणून ती रडायची. मी म्हणायचो, "आजीच विसरली असेल गं." पोरगी स्वतःला दोष देत राहिली आणि मी देऊ दिला.

मग दिग्दर्शिकेने आठवण म्हणून आजीचे शॉट्स ईशाला पाठवले. शेवटी एक छोटा तुकडा होता. नलिनी पांढऱ्या साडीत बसली आहे, थेट कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. चेहरा स्वच्छ, रंगाचा ठिपकाही नाही. त्या दिवशी चेहरा आधी रंगवला होता, साडी नंतर नेसवली होती, आणि साडी उतरवली तेव्हाही रंग तसाच होता. तिला तिथून हाताला धरून मीच बाहेर आणलं. दिग्दर्शिका आणि कॅमेरामन, दोघंही म्हणाले की हे आम्ही घेतलेलं नाही.

"बाबा, हल्ली असलं काहीही बनवता येतं," मुलगा म्हणाला.

येत असेल. पण त्या तुकड्यात नलिनी हसता हसता मधेच डावीकडे बघते, पदर तोंडाशी नेते आणि गप्प होते. चारचौघांत हसू आलं की ती आधी माझ्याकडे असंच बघायची... मला चालतंय का ते. आमच्या दोघांपलीकडे हे कोणाला ठाऊक होतं?

ईशाने तो तुकडा कितीतरी वेळा पाहिला. काल तिने विचारलं, "आजोबा, व्हाय शी स्टॉप लाफिंग, हं?"

मी उठून आत गेलो.

तिला मराठी वाचता येत नाही. आज ती घरी आली की हे सगळं मी तिला वाचून दाखवणार आहे. तो तुकडा कोणी घेतला, कसा घेतला, मला सांगता येणार नाही. ती हसायची का थांबली, तेवढं सांगता येईल.